मुंबई–गोवा सामना बघायला फातोर्ड्याला जाताना

मुंबई सिटी आणि एफसी गोवा यांचा सामना फातोर्ड्याला लागला, की मालवण, कुडाळ, सावंतवाडीच्या वाचकांकडून येणारे प्रश्न ठरलेले असतात. तिकीट कुठे मिळेल? मुंबईचा निळा शर्ट घालून गेलो तर कोणी काही बोलेल का? मुलांना नेऊ का? सगळ्यात शेवटी, बहुधा तिकिटाचे पैसे भरून झाल्यावर, एक प्रश्न येतो: रात्री परत कसे यायचे? माझे सांगणे एवढेच, की हा क्रम उलटा करा. परतीचे ठरले की बाकी सगळे सोपे होते. ते ठरले नाही तर उत्तम जागेचे तिकीटही डोक्याला ताप होते.

हा सामना आपल्या जिल्ह्याला परका नाही. एकाच घरातला थोरला डोंबिवलीला आणि धाकटा वेर्ण्याच्या कारखान्यात कामाला, ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट. त्यामुळे कोणाच्या बाजूने ओरडायचे यावरून घरातच दोन तट पडतात, आणि खुन्नस म्हणाल तर तीही पुरेशी आहे. १७ नोव्हेंबर २०१५ रोजी गोव्याने याच मैदानावर मुंबईला ७–० असे धुतले. २०१९ च्या उपांत्य फेरीत गोव्याने मुंबईत जाऊन ५–१ केले. २०२१ च्या उपांत्य फेरीत मुंबईने पेनल्टीवर हिशोब चुकता केला, आणि २०२४ मध्ये जे झाले त्याबद्दल पुढे येईलच.

मडगावातल्या फातोर्ड्याचे पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियम १९८९ चे. आपल्याकडच्या जुन्या मंडळींना ते क्रिकेटच्या एकदिवसीय सामन्यांमुळे आठवते. आज तिथे एकोणीस हजारांच्या आसपास आसने आहेत. मालवण शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साडेअठरा हजारांच्या घरात होती. म्हणजे सगळे मालवण एकाच वेळी चार-पाच दरवाजांतून आत जाऊन दोन तासांनी बाहेर पडते, अशी कल्पना करा आणि तयारी त्या बेताने करा.

तारीख पक्की होऊ द्या, मग रजा टाका

इंडियन सुपर लीग साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरला सुरू होते, हे जुने गणित आता डोळे झाकून धरू नका. २०२५ मध्ये आयोजनाच्या हक्कांच्या करारावरून घोळ झाला आणि लीग नेहमीच्या वेळी सुरूच झाली नाही. दूरचित्रवाणीच्या सोयीसाठी सामन्याची वेळ बदलणे तर नेहमीचेच. म्हणून वेळापत्रक क्लबच्या अधिकृत खात्यावर पाहा, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या रंगीत तक्त्यावर नको.

सामना साखळीतला आहे की बाद फेरीतला, हेही बघा. साखळीतला सामना साडेसातला सुरू झाला तर साडेनऊच्या आत आटोपतो. बाद फेरीत बरोबरी झाली तर अर्ध्या तासाचा जादा वेळ आणि वर पेनल्टी, म्हणजे साडेदहा कुठे गेले नाहीत. फातोर्ड्याला झालेले २०२२ आणि २०२३ चे आयएसएलचे दोन्ही अंतिम सामने पेनल्टीपर्यंत गेले होते.

परतीचे आधी ठरवा

मालवण ते मडगाव रस्त्याने साधारण एकशेचाळीस किलोमीटर. कुडाळ, बांदा, पत्रादेवी, म्हापसा, पणजी, जुवारी, वेर्णा हा सरळ मार्ग. जुवारीचा नवा पूल पूर्ण झाल्यापासून कुठ्ठाळीची जुनी रखडपट्टी संपली, पण पर्वरी आणि म्हापशाच्या कोंडीचा अंदाज आजही बांधता येत नाही. जाताना चार तास हातात ठेवा. परतीला रस्ता मोकळा असतो, पण सामना साडेनऊला संपला तरी गाडीपाशी पोचून मडगावच्या बाहेर पडायला सव्वादहा होतात. घरी पोचेपर्यंत दीड-दोन.

तुमच्यापुढे तीन पर्याय आहेत.

* रेल्वेने जाऊन मडगावात मुक्काम. मला विचाराल तर हाच. जाताना कुडाळहून जनशताब्दी घेतली तर दुपारी मडगावला उतरता. मांडवीने जाण्याचा मोह टाळा. ती वेळेवर आली तरी संध्याकाळी सातच्या सुमारास पोचते, आणि वेळेवर येईलच असे कोकण रेल्वेवर कोणी सांगावे? परतीची कोकणकन्या मडगावहून संध्याकाळीच सुटते, म्हणजे सामना सुरू होण्याआधी. तिचा उपयोग नाही. दुसऱ्या दिवशी सकाळची मांडवी मात्र सावंतवाडी, कुडाळ, कणकवली सगळीकडे थांबते. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत पावसाळी वेळापत्रक असते, तेव्हा वेळा नव्याने तपासा. नाताळ ते नववर्ष या दिवसांत मुक्काम नको. लॉजचे दर आपल्या आवाक्यातले राहत नाहीत.

* मित्रमंडळींची भाड्याची गाडी. गाडी पिवळ्या पाटीचीच घ्या, आणि गोव्यात जाण्याचा परवाना व कर भरलेला आहे ना, हे मालकाला आधी विचारा. ओळखीतल्या कोणाची पांढऱ्या पाटीची गाडी ‘डिझेल आणि वर थोडे’ म्हणून नेणे स्वस्त पडते, पण खासगी गाडी भाड्याने चालवणे बेकायदा आहे. अपघात झालाच तर विमा कंपनी नेमके तेच कारण पुढे करते. चालकाला तिकीट काढून देण्याचा चांगुलपणा करू नका, त्याला त्या दोन तासांत झोपू द्या. रात्री एकनंतर कुडाळ–मालवण रस्त्यावर गुरे ठिय्या देऊन बसलेली असतात.

* एसटी आणि कदंब. जायला उत्तम. मालवण किंवा सावंतवाडीहून पणजी आणि तिथून कदंबची मडगाव गाडी. रात्री दहानंतर मडगावहून पणजी गाठून पुढे सिंधुदुर्गात येणारी बस मिळेल, या भरवशावर मात्र कोणीही राहू नये. एसटीतली महिलांची अर्ध्या तिकिटाची आणि पंचाहत्तरीपुढच्यांची मोफत प्रवासाची सवलत राज्याच्या हद्दीपुरतीच असते. पुढचे भाडे पूर्ण पडते, तेव्हा वाहकाशी वाद घालू नका.

दुचाकीने जाणाऱ्या तरुणांना काही सांगून उपयोग नसतो. तरी मागे बसणाऱ्याचेही हेल्मेट घ्या आणि रात्री पणजी किंवा म्हापशाला नातेवाईक असेल तर तिथे पडा. एमएच-०७ पाटीची गाडी गोव्यात थांबवली जाते, ही आपली जुनी तक्रार आहे. परवाना, आरसी, विमा, पीयूसी ही कागदपत्रे डिजिलॉकरमध्ये दाखवली तरी ती कायद्याने ग्राह्य आहेत. दंड झालाच तर चलन घ्या. पावतीशिवाय पैसे देऊ नका.

मडगावात पोचल्यावर

रेल्वे स्टेशन शहराच्या एका बाजूला आणि स्टेडियम दुसऱ्या बाजूला, मध्ये तीन-चार किलोमीटर. ओला-उबर गोव्यात चालत नाहीत. ‘गोवा माईल्स’ ॲप आहे, रिक्षा आहेत, आणि एकट्याने जाणाऱ्यासाठी पायलट, म्हणजे पिवळ्या मडगार्डची भाड्याची मोटारसायकल. बसण्याआधी भाडे ठरवा. कदंबचा बसस्टँड मात्र स्टेडियमपासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर आहे. गाडीने आलात तर स्टेडियमला खेटून जागा शोधत फिरू नका. सामन्याच्या दिवशी तिथले रस्ते वळवतात आणि आडव्या-तिडव्या लावलेल्या गाड्या उचलतात. दूर लावा आणि पंधरा मिनिटे चाला. बाहेर पडताना तुम्हीच आधी सुटता.

तिकीट काढताना

तिकीट क्लबच्या संकेतस्थळावर किंवा क्लबने जाहीर केलेल्या ॲपवरच काढा. ‘माझ्याकडे दोन जास्तीची आहेत’ असे सांगणारे सामन्याच्या आदल्या दिवशी उगवतात. क्यूआर कोड गेटवर एकदाच चालतो. तोच कोड त्याने आणखी चौघांना विकला असेल, तर जो आधी पोचेल तो आत. त्याच कारणाने आपले तिकीट स्टेटसवर झळकवू नका. मालवणहून निघताना टाकलेल्या फोटोवर तिसराच कोणीतरी आत जाऊन बसू शकतो.

तिकीट सामन्याचे असते, माणसाचे नसते. २२ ऑक्टोबर २०२५ रोजी सौदी अरेबियाचा अल-नस्र संघ आशियाई स्पर्धेसाठी फातोर्ड्याला आला. रोनाल्डो दिसेल म्हणून कितीतरी लोकांनी तिकिटे काढली होती. तो आलाच नाही. गोवा २–१ ने हरला, पण झुंजला, आणि ज्यांना फुटबॉल बघायचा होता त्यांचे पैसे वसूल झाले. बाकीच्यांना परतावा मागायला आधार नव्हता, कारण अमुक खेळाडू खेळेलच असे तिकिटावर कुठेच लिहिलेले नसते.

तिकीट नसताना ‘गेटवर बघू काय होते ते’ म्हणून मोठ्या सामन्याला जाऊ नका. ४ जून २०२५ रोजी बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरीत ११ जण गेले. ते सगळे दरवाजांपाशीच, आत शिरण्याच्या गर्दीत.

कुठल्या स्टँडमध्ये बसावे

बहुतेकांचा खरा गोंधळ इथे होतो, म्हणून थोडे सविस्तर.

ईस्ट लोअर हा गोव्याच्या कडव्या समर्थकांचा भाग. ‘ईस्ट लोअर आर्मी’ नावाचा त्यांचा गट ढोल बडवत, पूर्ण नव्वद मिनिटे उभ्याने गात असतो. केशरी शर्ट घालून, घसा बसवून घ्यायच्या तयारीने जाणाऱ्याला याहून चांगली जागा नाही. पण तिथे तुम्ही बसून सामना बघू म्हणाल तर समोर पाठीच दिसतील. सामना संध्याकाळी पाचचा असेल तर पूर्वेच्या स्टँडमध्ये मावळता सूर्य सरळ डोळ्यांवर येतो. टोपी असू द्या.

घरच्यांना घेऊन जाणाऱ्यांनी पश्चिमेचा स्टँड धरावा. पैसे थोडे जास्त, पण माणसे बसून बघतात. फुटबॉल कळून घ्यायचा असेल तर वरचा मजला बरा. संपूर्ण मैदान एका नजरेत येते आणि बचावफळी कशी सरकते ते दिसते. गुडघे दुखणाऱ्यांनी अर्थातच खालचा. गोलमागचे स्टँड स्वस्त असतात आणि पलीकडच्या टोकाला काय चालले आहे याचा पत्ता लागत नाही.

आता मुंबईवाल्यांचे. निळा शर्ट घालून गोव्याच्या समर्थकांत बसू नका. मारहाण होईल असे नाही, गोंयकार त्यातला नव्हे. पण यजमानांच्या स्टँडमध्ये पाहुण्यांचा रंग चालणार नाही अशी अट तिकिटावर असेल, तर गेटवरचा माणूस शर्ट बदलायला सांगू शकतो आणि तिथे तुमचे काही चालत नाही. पाहुण्या समर्थकांसाठी वेगळा भाग ठेवला आहे का, हे तिकीट काढण्याआधी क्लबला विचारा. मुंबईच्या ‘वेस्ट कोस्ट ब्रिगेड’ या समर्थक गटाकडेही चौकशी करता येते. घरातला एक मुंबईचा आणि एक गोव्याचा असेल, आणि एकत्रच बसायचे असेल, तर दोघांनीही साधे कपडे घालून पश्चिमेला बसावे. एक अडचण मात्र राहते. बंगळुरूच्या पाहुण्याला स्टँडमधल्या कोकणी शिव्या कळत नाहीत, आपल्याला एकूण एक कळतात. मुले शेजारी असतील तर याचाही विचार करा.

गेटवर अडणाऱ्या वस्तू

यादी सामन्यागणिक बदलते, पण सर्वसाधारणपणे या वस्तू आत जात नाहीत:

* पाण्याची बाटली, बाहेरचे खाणे, मोठी पिशवी
* सिगारेट, माचिस, लायटर, फटाके
* हेल्मेट, छत्री, काठी लावलेला झेंडा, सेल्फी स्टिक
* बऱ्याचदा पॉवर बँक आणि अत्तराची बाटलीसुद्धा

रेल्वेने येणाऱ्यांची पंचाईत इथेच होते. खांद्याला सॅक, त्यात दुसऱ्या दिवसाचे कपडे. आधी लॉजवर सामान टाका. लॉज घेतला नसेल तर मडगाव स्टेशनवर सामान ठेवायची सोय आहे का, ते उतरल्या-उतरल्या पाहा. गेटबाहेर ‘ठेवतो, वीस रुपये’ म्हणणाऱ्या पोराकडे हेल्मेट ठेवावे, सॅक ठेवू नये. ही कटकट आपल्याकडचीच नाही. अमेरिकेत ॲन आर्बरला मिशिगन विद्यापीठाचे एक लाख सात हजार आसनांचे स्टेडियम आहे, आणि ते विद्यार्थ्यांच्या संघाचे! तिथेही मुलाला भेटायला गेलेल्या आईवडिलांची पिशवी दारातच अडते.

एकदा बाहेर पडलात की त्याच तिकिटावर परत आत घेत नाहीत. तेव्हा सामना सुरू व्हायच्या तासभर आधी, खाऊनपिऊन आत शिरा. ‘पिऊन’चा अर्थ पाणी. दारू प्यायलेल्याला प्रवेश नाकारायचा अधिकार त्यांना आहे. आतले खाणे जेमतेम आणि महाग असते, त्यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

मुले, म्हातारी माणसे आणि मोबाइल

मोठ्या सामन्याला मोबाइलचे नेटवर्क हमखास बसते. तिकीट घरूनच ॲपमध्ये उघडून ठेवा. स्क्रीनशॉट चालेल का, हे तिकिटाच्या सूचनांत बघा, कारण काही ॲपमधले कोड सारखे बदलतात. चुकामूक झाली तर कुठे भेटायचे, ते आत शिरण्यापूर्वीच ठरवा. ‘गेटपाशी’ असे नको, गेट बरीच असतात. गेटचा क्रमांक सांगा. लहान मुलाच्या मनगटावर पेनाने फोन नंबर लिहा. ढोलांचा आवाज मोठा असतो, तान्ह्या बाळाला घेऊन जाणे मला तरी पटत नाही.

गर्दी दाटली तर प्रवाहाच्या विरुद्ध जाऊ नका. हात छातीसमोर धरा, कडेकडेने सरका, पडलेली वस्तू उचलायला वाकू नका. अडचणीत ११२.

शेवटची दहा मिनिटे

गाडी गाठायची म्हणून ऐंशीव्या मिनिटाला उठणारे खूप असतात. २४ एप्रिल २०२४ च्या उपांत्य सामन्यात नव्वदाव्या मिनिटापर्यंत गोवा २–० ने पुढे होता. पुढच्या सहा-सात मिनिटांत छांगते, विक्रम प्रताप आणि पुन्हा छांगते, असे तीन गोल करून मुंबईने सामना ३–२ ने नेला. २०१५ च्या अंतिम सामन्यातही इथेच गोवा शेवटच्या क्षणांपर्यंत २–१ ने पुढे होता आणि चेन्नईयिनने ३–२ केले. गोव्याच्या पाठीराख्यांना हे मैदान दोनदा डसले आहे. तेव्हा शिट्टी वाजेपर्यंत बसा, आणि वाजल्यावरही पंधरा मिनिटे बसा. पहिला लोंढा जाऊ द्या. मुक्कामाचा बेत असला की हे जमते.

कितीही आनंद झाला तरी मैदानात उडी मारू नका. अल-नस्रच्या सामन्यात एक जण घुसला होता. अशाने पोलिसांत नोंद होतेच, शिवाय भुर्दंड यजमान क्लबला पडतो.

इन्सुलीचा नाका

परतताना हद्दीवरच्या या तपासणी नाक्यावर दोन बाटल्यांसाठी सबंध सहल वाया गेल्याची उदाहरणे आपल्या प्रत्येक गावात आहेत. ‘फक्त गोव्यात विक्रीसाठी’ असा शिक्का असलेली दारू महाराष्ट्रात आणणे हा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ खाली गुन्हा आहे, आणि बाटलीबरोबर गाडीही जप्त होऊ शकते. भाड्याच्या गाडीत एकाने लपवून आणली तर चालकासकट सगळे अडकतात. निघताना पिशव्यांबद्दल स्पष्ट विचारा, संकोच करू नका. गाडी चालवणाऱ्याने प्यायलेली असेल तर पहिल्याच वेळी दहा हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

फसगत झाली तर

तिकीट असून आत घेतले नाही, दिलेली जागा दुसऱ्याला विकली, सामना रद्द होऊनही पैसे आले नाहीत, तर गप्प बसू नका.

* तिकीट, पैसे भरल्याची पावती, रद्द झाल्याचा संदेश आणि गेटवरचा फोटो जपून ठेवा.
* आधी तिकीट विकणाऱ्या कंपनीला ईमेल करा. फोनवरच्या गोड बोलण्याचा पुरावा राहत नाही.
* मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. इथे बरीच प्रकरणे मिटतात.
* तरीही नाही झाले तर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार जिथे राहतो तिथेच तक्रार करता येते. मडगावला हेलपाटे नकोत, ओरोसला दाखल करा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची.

बाटलीबंद पाणी छापील किमतीपेक्षा जास्त दराने विकले तर तोही नियमभंग आहे. मात्र पाणी ग्लासात ओतून विकतात तेव्हा बाटलीवरची किंमत दाखवून भांडता येत नाही. ही पळवाट विक्रेत्यांना चांगली ठाऊक असते. झडतीच्या बाबतीत, महिलांची झडती महिला कर्मचाऱ्यानेच घ्यायची. तसे नसेल तर थांबा आणि मागणी करा.

एवढा व्याप नको असेल तर

मुंबईत असणाऱ्या चाकरमान्यांसाठी उलटा सामना अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरीनात होतो. आझाद नगर मेट्रो स्टेशन लगत आहे. मैदान फातोर्ड्यापेक्षा बरेच लहान, म्हणून तिकिटे लवकर संपतात.

आणि ज्यांनी स्टेडियममध्ये कधीच फुटबॉल पाहिला नाही, त्यांनी एकदम फातोर्ड्याला उडी घेण्याऐवजी म्हापशाच्या दुलेर स्टेडियमवर गोवा प्रोफेशनल लीगचा एखादा सामना बघावा. मैदान आटोपशीर, गर्दी बेताची, आणि शेजारी बसलेला म्हातारा गोंयकार धेंपो, साळगांवकर, चर्चिल यांच्या जुन्या गजाली फुकट सांगतो. हे सामने बहुधा दुपारी असतात. संपल्यावर थिवी स्टेशन गाठून कोकणकन्या पकडायला वेळ मिळतो. पावसाळी वेळापत्रकात तेवढी गाडीची वेळ आधी बघून घ्या.